शकूताईंचा हिरवा उजेड

आमच्या नणंदबाईंच्या घरी पाहुण्याला पाणी मिळतं, पण लगेच पिता येत नाही.

पाहुणा गंगापूर रोडचं ऊन डोक्यावर घेऊन, घामाघूम होऊन आलेला असतो. शकूताई त्याच्यासमोर काचेचा ग्लास ठेवतात. तो हात पुढे करतो तेवढ्यात त्या म्हणतात, "थांबा." मग उठून पडदे ओढतात, दिवा बंद करतात, आणि बाजूला उभ्या राहून हातातल्या बारक्या नळीतून एक हिरवी रेघ त्या ग्लासात सोडतात. पाण्यात रेघ उमटली तर पाण्यात काहीतरी तरंगतंय. नाही उमटली तर पाणी स्वच्छ. पाहुण्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं की भर दुपारी अंधार झालाय आणि एक पांढऱ्या केसांची बाई आपल्या दिशेनं नेम धरून उभी आहे. गॅसची टाकी आणणारा एकदा पाणी न पिताच खाली गेला. सोसायटीचे सेक्रेटरी पाणी प्यायले, पण तेव्हापासून ते वर्गणीसाठी फोन करतात, वर येत नाहीत.

मी म्हटलं, "अहो शकूताई, वास घ्या, चव बघा, बोट घालून बघा. आम्ही एवढी वर्षं तेच केलं."

"वहिनी, बोट घातलं की पाणी बदललं. मग तुम्ही पाणी बघत नाही, बोट बघता. हात न लावता बघायचं."

'हात न लावता' हा त्यांचा मंत्र. भाजीबाजारात त्या वांग्यांपासून चार पावलं मागे उभ्या राहतात, मान तिरकी करतात, आणि लांबूनच बोट दाखवतात, "ते. त्याच्या मागचं. नाही, त्याच्या मागचं." भाजीवाली दमून म्हणते, "आजी, हात लावून घ्या की." त्यावर शकूताई म्हणतात, "हात लावूनच बघायचं असतं तर मी समुद्रात किती वेळा बुडाले असते." भाजीवाली माझ्याकडे बघते. मी पिशवी पुढे करते.

माणसांनाही त्यांचा हाच नियम. लहान मूल समोर आणलं तर कौतुकानं बघतील, गाल ओढणार नाहीत. मी त्यांना कुणाच्या गळ्यात पडलेलं कधी पाहिलेलं नाही.

दुसरं पालुपद याहून वाईट. "दिसलं की वाटलं?"

वॉचमननं सांगितलं, काल कुणीतरी गेटवरून उडी मारली. "दिसलं की वाटलं?" मी म्हटलं, दूधवाला हल्ली पाणी घालतो. "दिसलं की वाटलं?" हे इथवर ठीक होतं. पण एकदा आम्ही दोघी एका घरी भेटायला गेलो, तिथले आजोबा वारले होते. त्यांची सून डोळे पुसत म्हणाली, "शेवटी अगदी शांत झोपल्यासारखे वाटत होते हो." मी शकूताईंच्या पायावर पाय ठेवला. उपयोग झाला नाही. "वाटत होते की दिसत होते?" सून रडायची थांबली. थोडा विचार करून म्हणाली, "दिसत होते." "मग ठीक," शकूताई म्हणाल्या. त्या घरी आता मला एकटीला बोलावतात.

या शकूताई म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. आमचं घर मूळ देवळ्याचं, कांदा लावणारं. देवळ्यापासून समुद्र आणि चंद्र साधारण सारखेच लांब. कांद्याच्या घरातल्या मुलीनं समुद्राचं शिक्षण घ्यायचं कारण काय, हे तेव्हा कुणाला कळलं नाही आणि आता विचारायला कुणी उरलं नाही. माझ्या सासऱ्यांचा विरोध होता. आमच्या ह्यांनी मात्र एका सकाळी बहिणीची वळकटी उचलली, एसटीच्या टपावर टाकली, आणि तिला कॉलेजात पोचवूनच परत आले. आल्यावर वडिलांना म्हणाले, "सोडून आलो." नंतर कांद्याच्या वाफ्यात पाणी भरायला गेले. एवढंच त्यांचं भाषण.

मी त्या घरात नवी सून होते. माहेर येवल्याचं, घरात माग, त्यामुळे पैठणीच्या पदरावरचे मोर सोडून जगात बघण्यासारखं काही नाही अशी माझी समजूत. शिवाय मॅट्रिक. त्या पोरीला आज मी भेटले तर कान धरून कोपऱ्यात बसवीन. नणंद नक्की काय करते हे मला अजिबात कळलेलं नव्हतं, पण सगळ्या गावाला समजावून सांगायचं काम मीच अंगावर घेतलं होतं. नळावर बायकांना सांगितलं, समुद्रात कुणाचं तरी काहीतरी मौल्यवान पडलंय, आमच्या शकूताई ते बत्ती लावून शोधतायत. पुढच्या वर्षी बायका विचारायच्या, "सापडलं का?" मी म्हणायची, "समुद्र काय लहान असतो?"

शकूताईंना एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, मुलगी काय करते. घरातले सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी पटकन पुढे होऊन सांगितलं, "उजेड घेऊन समुद्रावर फिरतात. कधी बोटीतून, कधी विमानातून. बरोबर चार पुरुषमाणसं असतात, काळजी नाही." पोहे तसेच राहिले. पुढच्या सुट्टीत शकूताईंनी मला एक मोठा शंख आणून दिला. तो आभाराचा होता की रागाचा, हे मला अजून कळलेलं नाही. शंख टीव्हीवर आहे.

एकदा मी स्वतः बघायला गेले. समुद्रासमोर उभी राहिले तेव्हा बराच वेळ माझ्या तोंडून शब्द फुटेना. शकूताईंना वाटलं, वहिनी भारावल्या. मी मोटर शोधत होते. आमच्याकडे पाणी म्हटलं की मोटर, पाइप आणि भांडण ही तिन्ही लागतात. एवढं पाणी आणि कुठे मोटर नाही, पाइप नाही, भांडणारं कुणी नाही, म्हणजे यात काहीतरी गफलत आहे. मग कुणीतरी सांगितलं की हे खारट असतं, शेताला चालत नाही. "मग एवढं ठेवलंय कशाला?" असं म्हणून मी अरबी समुद्राकडे पाठ केली आणि लाडवांचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी बोटीत नेलं. शकूताईंच्या साहेबांसमोर येवल्याची अब्रू राहावी म्हणून मी हिरवी पैठणी नेसले होते. बोट हलली आणि अब्रू पहिल्याच लाटेला गेली. मी कठड्याला धरून वाकलेली, आणि शेजारी शकूताई मला समजावून सांगतायत. एक यंत्र होतं, तोंड पाण्याकडे केलेल्या तोफेसारखं. ते पाण्यात हिरवा उजेड सोडायचं. नुसता दिव्यासारखा पसरलेला नाही, सुईसारखा. शकूताई म्हणाल्या, "वहिनी, नीट ऐका. उजेड पाठवायचा आणि परत काय येतं त्याची वाट बघायची. थोडा पाण्याच्या अंगावरूनच परत येतो. थोडा आत जातो, एखाद्या माशाला लागून परत येतो. थोडा तळापर्यंत जाऊन येतो. कोण किती उशिरा आला त्यावरून खोली कळते."

मी मान हलवली. मान तशीही हलतच होती.

"आणि जाताना हिरवा गेलेला थोडा उजेड येताना लाल होऊन येतो. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ असतं. ते उजेड खातं आणि त्यातला थोडा लाल करून परत टाकतं. लाल जास्त म्हणजे शेवाळ जास्त. मग तिथे ते खाणारे जीव येणार, आणि त्यांच्या मागून मासे. जाळं न टाकता, पाण्याला हात न लावता सगळं कळतं."

"म्हणजे नव्या नवरीसारखं," मी म्हटलं. "हिरवा चुडा भरून जाते आणि पहिल्या सणाला माहेरी येते ती लालबुंद होऊन."

"हे तुम्हाला दिसलं की वाटलं?"

"हे मी भोगलं," मी म्हटलं आणि पुन्हा कठड्याशी वाकले.

तेव्हापासून आजतागायत मी या विषयात गोंधळलेलीच आहे. आमची नात म्हणते, "आजी, त्याला लायडार म्हणतात, सोप्पं आहे," आणि मोबाइलवर चित्र दाखवते. चित्रात एक विमान, खाली पाणी आणि मधे बाण. बाण खाली जातो, बाण वर येतो. मला वाटायचं, सोनोग्राफी. शकूताई म्हणाल्या, नाही, तो आवाज, हा उजेड. मला वाटलं, मग एक्स-रे. नाही. शेवटी मी माझ्यापुरता एक अर्थ लावला. आमच्या सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या आणि तिथूनच चुलीकडे एक नजर टाकायच्या. उठायच्या नाहीत, झाकण काढायच्या नाहीत. नजर जाऊन परत यायची, आणि त्या म्हणायच्या, "मीठ पडलेलं नाही." शकूताईंना मी हे सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला. "आईची नजर पाण्याखाली किती जायची ते तपासायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण तत्त्व तेच."

माझं ठीक होतं, मी निदान गोंधळायला तरी तिथे जाऊन आले. आमचे हे कधीच गेले नाहीत. शकूताई दर वर्षी बोलवायच्या. पण कांदा लावायचा असायचा, नाहीतर काढायचा असायचा, नाहीतर साठवणीच्या चाळीत भरायचा असायचा, आणि काहीच नसलं की बाजार वर जातो की खाली येतो ते बघत बसायचं असायचं. समुद्र कुठे पळून जातोय, असं म्हणत ह्यांनी शेती पुतण्याच्या हाती दिली आणि आम्ही नाशिकला फ्लॅटमध्ये आलो. निवृत्त झाल्यावर शकूताईंनी आमच्याच डोक्यावरचा फ्लॅट घेतला. समुद्र लांबच राहिला.

पण भाऊबीज चुकली नाही. ओवाळून झालं, करंजी हातात घेतली की हे दर वर्षी विचारणार, "शकू, तू तिथे नक्की करतेस काय गं?" शकूताई पाट ओढून बसणार आणि पहिल्यापासून सांगणार. उजेड जातो, उजेड येतो. हे मन लावून ऐकणार. शेवटी म्हणणार, "असं होय." आणि पुढच्या भाऊबीजेला पुन्हा, "शकू, तू तिथे नक्की करतेस काय गं?" निवृत्त झाल्यावर वाक्यात एवढाच फरक पडला की 'करतेस'च्या जागी 'करायचीस' आलं. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, माणूस एकदा ऐकतो, दोनदा ऐकतो." तर शकूताईच म्हणाल्या, "विचारू द्या. बघितल्याशिवाय कसं कळेल त्याला?"

मग ह्यांना काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत यायची नाही, उरली ती जपायची. उरली होती तीही हळूहळू आखडत चालली. पण हे कबूल करायला तयार नाहीत. माणूस आवाजावरून ओळखायचे आणि प्रत्येकाला म्हणायचे, "तब्येत सुधारलेली दिसते." याला कुणी हरकत घेत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं खाली उतरलो, तेव्हा लिफ्टशी कुणाचा तरी नवा फ्रिज खोक्यात उभा होता. हे थांबले, हसले आणि म्हणाले, "बरेच दिवसांनी. तब्येत सुधारलेली दिसते."

मी हसले. मला राहवत नाही, तो माझा स्वभाव आहे. शकूताई हसल्या नाहीत. दिसलं की वाटलं, असंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली आल्या. हात रिकामे, चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरीसारखा. "वहिनी, दादाला दाखवायचं राहिलंय."

"काय?"

"मी काय करते ते. आता घाई आहे."

समुद्र शक्य नव्हता. ह्यांच्या गुडघ्यांनी देवळ्याच्या पलीकडे जाणं केव्हाच सोडलेलं. शकूताई म्हणाल्या, समुद्र नको, पण हिरवं पाणी हवं. साचलेलं, जिवंत, शेवाळलेलं. उजेड आत गेला की लाल होऊन आला पाहिजे. मोठं यंत्र सरकारी, ते तिथेच राहिलं, पण त्याची एक लहान बहीण त्यांनी घरी जुळवलेली होती. एक पेटी, एक नळी आणि तिपाई. ती पेटी त्या माझ्या गोधडीत गुंडाळून ठेवतात. माझी गोधडी वर कशी गेली, हेही मला कळलेलं नाही.

देवळ्याला आमच्या पुतण्यानं, बापूनं, कांद्याच्या पाण्यासाठी लहानसं शेततळं केलंय. खड्ड्याला प्लास्टिकचा कागद लावून पाणी साठवतात, ते. शकूताईंनी त्याला फोन केला. मी शेजारी होते. त्यांनी विचारलं, पाणी कसं आहे. बापू घुटमळला. म्हणाला, जरा हिरवट झालंय आत्या. शकूताईंनी विचारलं, किती हिरवट? बापूचा आवाज खाली गेला. म्हणाला, लयच. शकूताई म्हणाल्या, छान, येत्या शनिवारी आम्ही तेच बघायला येतोय, आणि फोन ठेवला.

आता बापूच्या जागी उभं राहून बघा. आत्या मोठ्या पदावरून निवृत्त झालेली. जन्मभर पाणी तपासायची नोकरी केलेली. ती काका-काकूंना घेऊन आपलं घाण पाणी बघायला येतेय. तिचं ते 'छान' बापूला कसं ऐकू आलं असेल?

शनिवारी उन्हं कलल्यावर आम्ही पोचलो. शेततळ्याच्या बांधावर रांगोळी होती. एक खुर्ची, तिच्यावर धुतलेली चादर. बापूची बायको सुरेखा डोक्यावर पदर घेऊन उभी. आणि तळं असं लख्ख, की तळाच्या कागदाच्या घड्या मोजाव्यात.

शकूताई बांधावर थांबल्या. "बापू, शेवाळ कुठे आहे?"

"मारलं आत्या," बापू म्हणाला. त्याची छाती नुसती फुगली होती. "मेव्हण्याच्या द्राक्षबागेतून मोरचूद आणलं. आठवडाभर खपलो. सुरेखानं जुन्या साड्या लावून वरची सगळी साय ओढून काढली. वरून तुरटी फिरवली. एक जीव नाय ठेवला पाण्यात. तुमी बघाच."

मी शकूताईंकडे बघितलं. या बाईनं जन्मभर पाण्यातले जीव शोधले. आता त्या काय बोलतात म्हणून मी श्वास धरला. त्यांनी एकदा तळ्याकडे बघितलं, एकदा सुरेखाच्या हातांकडे. मोरचुदानं तिची बोटं निळसर झाली होती. "खूप मेहनत केलीत," त्या म्हणाल्या. त्यांनी पेटी उघडली.

ह्यांना खुर्चीवर बसवलं. अंधारायला लागलं तशी शकूताईंनी तिपाई लावली आणि उजेड सोडला. हिरवी सुई पाण्यात गेली आणि नाहीशी झाली. त्यांनी कोन बदलला. पुन्हा तेच. त्या तिपाई उचलून बांधावरून पुढे सरकल्या, मग आणखी पुढे, मग परत मागे. आमच्या सोसायटीत पाणी इतकं स्वच्छ निघालं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

"आलं का गं?" ह्यांनी खुर्चीवरून विचारलं.

"थांब दादा."

"मी थांबलोय. घाई नाही."

घाई नाही म्हणणारा तो एकटाच माणूस होता तिथे. शकूताई तिपाईशी वाकलेल्या, त्यांच्या हातातला स्क्रू फिरत होता पण काही बसत नव्हतं. मला माझ्या नणंदेचा चेहरा पाठ आहे. तसा मी तो पूर्वी बघितलेला नव्हता.

मला अशा वेळी काय करावं ते सुचत नाही. मी पाय धुवायला निघते. गोठ्याकडे म्हशीचा हौद दिसला. मी कडेला हात टेकला आणि हात सरकून कोपरापर्यंत आत गेला. बाहेर काढला तर नखांपासून कोपरापर्यंत हिरवागार बुळबुळीत शेवाळ. शिवी तोंडात आली होती, ती तशीच गिळली.

"शकूताई," मी ओरडले. "इकडे या. इथे घाण आहे."

सुरेखा धावत आली. "काकू, तो हौद नका ना दाखवू. त्येवढा धुवायचा राह्यला." तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शकूताई तिच्या मागून आल्या, हौदात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सुरेखा, तू देवासारखी राहू दिलास हा." सुरेखाला यात आपलं कौतुक आहे की टोमणा, ते कळेना. तिचं बरोबर होतं. बापूला तर काहीच कळेना. आठवडाभर खपून आरशासारखं केलेलं तळं टाकून आत्या म्हशीच्या हौदाशी यंत्र लावतेय. "आत्या, खरंच तळं बघायचं नाय?" त्यानं दोनदा विचारलं. मग काकांची खुर्ची चादरीसकट उचलून हौदापाशी आणली. म्हैस बांधलेली तिथेच. तिनं आमच्याकडे बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं.

शकूताईंनी एक जाड नारिंगी चष्मा काढला. आधी मला दिला. "वहिनी, डोळ्यांना लावा. हिरवा उजेड डोळ्याला बरा नाही, हा चष्मा तो अडवतो. यातून हिरवं दिसणं शक्यच नाही. पाण्यानं परत पाठवलेलं तेवढंच दिसेल. दिसलं ते सांगा, वाटलं ते नको."

मी चष्मा लावला. हिरवं सगळं पुसलं गेलं. शकूताईंनी कळ दाबली आणि म्हशीच्या त्या घाण हौदात आतून लाल उजेड पेटला. राखेखालचा निखारा फुंकर मारल्यावर उघडा होतो तसा. शेवाळाची एकेक तार लाल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यातले जाणारे-येणारे बाण थांबले. "लाल," मी म्हटलं.

"दादा, आता तू."

चष्मा मी देणार होते. शकूताईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः ह्यांच्या कानांवर बसवला. एक काडी नीट बसेना, तर केस मागे सारून बसवली. नंतर दोन्ही हातांत त्यांचं डोकं धरून हौदाकडे वळवलं. भाऊबीजेच्या टिळ्याचं बोट सोडलं तर भावाच्या डोक्याला त्यांचे हात लागलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

कळ दाबली. हे वाकून बघत राहिले. मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे, अंधारात दाराची कडी चाचपावी तशी. मग थांबली. मला जिथून दिसत होतं तिथून हे सरळ म्हशीच्या पोटाकडे बघत होते.

"दिसलं?" शकूताईंनी विचारलं. वाक्य एवढंच ठेवलं.

बापूही हौदावर वाकला.

"वा," हे म्हणाले. "काय सुंदर हिरवा उजेड आहे गं शकू. डोळे निवले."

माझ्यासारखीलाही एवढं गणित येतं. त्या चष्म्यातून हिरवं दिसणं शक्यच नव्हतं.

शकूताई त्यांच्या खुर्चीशी खाली बसल्या होत्या. "हो दादा," त्या म्हणाल्या. "हिरवाच असतो."

"हे करायचीस होय तू."

"हेच."

"सबंध समुद्रात?"

"सबंध समुद्रात."

"मोठं काम आहे," हे म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, तो आधी हवेत गेला, मग बहिणीच्या डोक्यावर सापडला. म्हैस शेपूट हलवत होती. शकूताईंनी उजेड बराच वेळ चालूच ठेवला.

रात्रीचं जेवण झालं, सुरेखानं बळेबळे दुसरी भाकरी वाढली, आणि बापूनं आम्हाला त्याच्या गाडीतून नाशिकला आणलं. हे पुढे बसून डुलक्या घेत होते. मागे मी, शकूताई आणि आमच्या दोघींच्या मधे गोधडीत गुंडाळलेली पेटी. मी हळूच म्हटलं, "शकूताई, चष्म्यातून हिरवं दिसत नाही म्हणालात ना?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर नुसता काळोख. "नाही दिसत," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या भाऊबीजेला ह्यांनी तो प्रश्न विचारला नाही. करंजी हातात घेतली आणि जमलेल्या मंडळींना स्वतःच सांगायला सुरुवात केली. माझी बहीण पाण्यात हिरवा उजेड सोडते. मी बघितलाय. सगळं पाणी हिरवं होतं, पार तळापर्यंत. मधे मधे मासेही घातले. माझी जीभ शिवशिवत होती. मी शकूताईंकडे बघितलं, आता ह्या टोकणार म्हणून. त्या ताम्हनातल्या वातीची काजळी काढत होत्या.

आता हे दुपारी वरच जाऊन बसतात. खुर्ची ठरलेली आहे, दाराशेजारची. परवा कुरिअरवाला आला. पोरगा उन्हानं काळवंडलेला. शकूताईंनी ग्लास समोर ठेवला आणि तो हात पुढे करतो तेवढ्यात म्हणाल्या, "थांबा." पडदे ओढले, दिवा घालवला, आणि त्या नळी शोधायला आत गेल्या. ती सापडेना. मीच ती खाली आमच्याकडे, पोळपाटाखाली ठेवली होती. कशी, ते विचारू नका. माझीही गोधडी अजून वर आहे.

अंधारात बराच वेळ गेला. मग दाराशेजारून ह्यांचा आवाज आला, "स्वच्छ आहे गं शकू. अगदी स्वच्छ."

पोरगा दचकला. शकूताई रिकाम्या हातानं बाहेर आल्या, ह्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "प्या. दादानं बघितलंय."